सहा नळ्या

टोचनवाल्यालाच टोचन लागलं,
ही बातमी संध्याकाळपर्यंत
कळंबोलीतल्या प्रत्येक टपरीवर पोचली होती.

गुरमेज आला त्याची क्रेन घेऊन.
बारा वर्षं आम्ही एकमेकांची गिऱ्हाइकं पळवतोय.
साखळी बांधताना तो हसला नाही,
तेवढंच मला जड गेलं.
पैसे विचारले तर म्हणाला, कधीतरी तू ओढ मला.

सत्तार मिस्त्रीच्या दुकानात
गोणपाटावर तीन पंप मांडलेले.
पहिला नवा, अजून तेलकट कागदात,
अठ्ठावन्न हजार, वर जीएसटी.
दुसरा उघडून पुन्हा बांधलेला,
सव्वीस.
तिसरा कौशाच्या भंगारातून, त्याच्या अंगावर
कुणीतरी पांढऱ्या पेंटने लिहिलेलं: चालू आहे.
नऊ.

मी आधी तिसऱ्याकडेच पाहिलं, खोटं कशाला बोलू.

मिस्त्री किंमत रेटत नाही. तो विचारतो.
फिरतो कुठल्या बाजूला, घड्याळासारखा की उलटा?
गव्हर्नर कुठला होता? फ्लँजला भोकं किती?
मग चष्मा कपाळावर ढकलून,
ओढतोस काय?

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.
दुसऱ्यांच्या गाड्यांवर वजन लिहिलेलं असतं,
माझं वजन रात्री दोन वाजता फोनवर कळतं.
कधी रिकामा टेम्पो,
कधी सळयांनी भरलेला चौदा चाकी
मुंब्रा बायपासच्या चढावर आडवा,
मागे हॉर्नची रांग, आणि ड्रायव्हर
रस्त्याकडेला आपली एक चप्पल शोधतोय.

म्हटलं, दहाचा प्लंजर टाक, जोर येईल.
येईल, तो म्हणाला. धूरही येईल.
इंजिन नऊचं आहे तुझं.
नुसतं जेवण वाढवून छाती रुंद होत नाही.

मग माझा जुना पंप खोलला.
करंगळीएवढा दांडा ट्यूबलाइटखाली धरला.
त्यावर उभे ओरखडे, मांजरीने नखं घासल्यासारखे.
नाकाजवळ नेला, वास घेतला,
आणि माझ्याकडे न बघता
बाहेर उभ्या रिक्षाकडे बघत राहिला.

मला ठाऊक होतं त्याला कसला वास आला.
उरण फाट्याच्या अलीकडे, कंटेनरांच्या सावलीत
पस्तीस लिटरचे निळे कॅन,
लिटरमागे अकरा रुपये कमी.
आठ महिने मी ते अकरा रुपये मोजत होतो
आणि आत बसून ते पोलाद मोजत होते.

ही गाडी साडेबारा टक्क्यांतला भूखंड विकून घेतलेली.
म्हणजे आज्याचं खाजण, शेवटी,
या सहा भोकांतून थेंबाथेंबाने जळतं.

दुसरा घेतला.
त्याने तो बेंचवर चढवला, मोटर घरघरली,
सहा काचेच्या नळ्यांत तेल चढू लागलं.
पाच सारख्या. चौथी केसभर खाली.
मला चाललं असतं.
त्याने बेंच थांबवला, पाव आटा फिरवला,
नळ्या उपड्या केल्या. पुन्हा.
समोरच्या टायरवाल्याने शटर ओढलं. पुन्हा.
मग सहाही एका रेघेत आल्या,
पंगतीत कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही.

स्क्रूमधून तार ओवली, शिशाचा मणी चेपला.
हा तुटला तर माझ्याकडे येऊ नकोस.
एवढंच. कॅनबद्दल अवाक्षर नाही.

रात्री खुणेला खूण जुळवली, हवा काढली,
बुडबुडे संपेपर्यंत अंगठा दुखला.
मग गाडी बोलली.
हायवेच्या पंपावर टाकी भरून मी पावती मागितली.
पोरगा म्हणाला, तुम्ही कधी मागत नाही.
खिशात ठेवली. कुणाला दाखवायची, माहीत नाही.

गुरमेजची साखळी अजून माझ्या केबिनमध्येच आहे.
उद्या देईन.
किंवा ठेवून घेईन. चांगली आहे.